मेलेला बॅकलॉग

नट घड्याळाच्या दिशेनं फिरवला की आवळला जातो आणि उलटा फिरवला की सुटतो. हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून येत होतं. सुट्टीच्या दिवशी माझे वडील आमच्या मोशीच्या खोलीसमोर गाडी खोलून बसायचे आणि मी शेजारी पाने घेऊन बसायचे. पप्पा बीडकडचे. चाकणला एका मोठ्या कंपनीत ते चाकांचे नट आवळायच्या स्टेशनवर कामाला होते, कंत्राटदारामार्फत. आजही आहेत. "आवळायचं ते सुलटं, ढिलं करायचं ते उलटं, ध्यानात ठेव," एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते मी ध्यानात ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या कंपनीला दोन गेट आहेत. मोठ्या गेटनं कायम कामगार आणि इंजिनिअर जातात. कंत्राटी लोकांना मागचं छोटं गेट, आणि त्यांच्या कार्डाच्या पट्ट्याचा रंगही वेगळा, म्हणजे लांबूनच कळावं कोण आहे ते. मी इंजिनिअर होऊन मोठ्या गेटनं आत जावं असं पप्पांना वाटत होतं. मलाही तेच हवं होतं. मी मेकॅनिकलला गेले ती मशिनच्या प्रेमानं नव्हे, त्या गेटासाठी. प्रेम नंतर बसलं, आणि ते एका अशा विषयावर बसलं की ज्याचं नाव काढलं तरी पोरं कपाळाला हात लावतात.

पहिल्या वर्षाला सगळ्याच शाखांना मेकॅनिक्स असतं. त्यात पहिल्यांदा न हलणाऱ्या वस्तू शिकायच्या. सीनियर लोक आम्हाला आधीच घाबरवून गेले होते, की या विषयात अर्धा वर्ग उडतो. माझं तर नावापासूनच अडलं. सर 'मोमेंट' म्हणाले, आणि मोमेंट म्हणजे क्षण एवढंच मला ठाऊक. बलाचा क्षण म्हणजे काय, या विचारात पहिला अख्खा तास गेला. घरी जाऊन मराठी शब्द शोधला तर 'आघूर्ण' निघाला. त्यापेक्षा क्षण बरा होता. मग सरांनी एकदा वर्गाचं दार बिजागरीजवळ ढकलून दाखवलं आणि मग कडीजवळ ढकलून दाखवलं. मला एकदम पान्याचा लांब दांडा आठवला. नट निघत नसला की पप्पा पान्याला पाइपचा तुकडा लावायचे. बल तेवढंच, अंतर जास्त, म्हणून फिरवायची ताकद जास्त. एवढंच होतं ते! मला इतका आनंद झाला की मी शेजारणीचा हात दाबला. ती झोपलेली होती.

त्यानंतर मला त्या विषयाचं वेडच लागलं. फ्री बॉडी डायग्राम म्हणून एक आकृती असते. एखादी वस्तू घ्यायची, तिला भिंतीपासून, जमिनीपासून, दोरीपासून, ज्यानं ज्यानं तिला धरलंय त्या सगळ्यापासून तोडायची, आणि प्रत्येक तोडलेल्या आधाराच्या जागी एक बाण काढायचा. वस्तू पडली नाही पाहिजे. बाण बरोबर काढले तर कागदावर ती आधाराशिवाय उभी राहते. मोशीत तेव्हा जिकडे तिकडे टॉवर उठत होते आणि प्रत्येकावर एक क्रेन. मी बसच्या खिडकीतून त्या क्रेनचे बाण काढायचे. पुढचा हात लांब, मागचा आखूड, आणि मागच्या हाताला काँक्रीटचे ठोकळे टांगलेले. ते कशासाठी असतात हा प्रश्न इतकी वर्षं मला पडलाच नव्हता. आता कळलं आणि कळल्यावर दिसतच राहिलं.

वस्तूचा गुरुत्वमध्य काढायचं प्रकरण तर फारच आवडलं. पत्र्याला भोक असेल तर आधी भोक नाहीच असं समजून पूर्ण पत्रा धरायचा आणि मग भोक उणे पत्रा म्हणून हिशेबात घ्यायचं. जे काढून टाकलंय तेही मोजावं लागतं, फक्त उणे चिन्हानं. हे मी पप्पांना सांगितलं. ते पाय चेपत बसले होते. म्हणाले, "भोकाला कोण मोजायलंय? काहीतरीच." मला राग आला, पण ते दिवसभर उभे होते, म्हणून सोडून दिलं.

भांडण झालं ते चिन्हावरून.

मोमेंट फिरतं, म्हणून त्याला दिशा असते. घड्याळाच्या दिशेनं किंवा उलट. हिशेब करताना त्यातल्या एका दिशेला अधिक मानायचं आणि दुसरीला उणे. सरांनी फळ्यावर लिहिलं, अँटिक्लॉकवाइज पॉझिटिव्ह. माझ्या हाताला ते पटेना. आवळणं अधिक आणि सोडणं उणे, हे माझ्यात लहानपणापासून मुरलेलं. मी सुलट्या दिशेला अधिक धरून गणित सोडवलं. तुळईवर दोन वजनं ठेवलेली, दोन्ही टोकांना आधार, आणि आधारावर किती भार येतो ते काढायचं. माझं उत्तर सरांच्या उत्तराशी जुळलं. न जुळून जातं कुठे? सगळी चिन्हं उलटी झाली होती, आणि सगळ्यांची बेरीज शून्य. शून्याला उणे लावलं तरी शून्यच.

मी वही घेऊन उठले. खरं सांगायचं तर कौतुक होईल असं वाटलं होतं.

सरांनी वही पाहिली. "हे काय? साइन चुकलीय."

"सर, मी क्लॉकवाइज पॉझिटिव्ह घेतलंय. उत्तर तेच येतं."

"मॅडम, तुमच्याकडचं घड्याळ वेगळं आहे का?"

वर्ग हसला. आमच्या वर्गात मुली बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एक उठून उभी राहिलेली, म्हणजे हसायला आणखी कारण काय लागतं? सर म्हणाले, "अँटिक्लॉकवाइज पॉझिटिव्ह. फुल स्टॉप. बसा." त्या दिवसापासून माझं नाव 'घड्याळ' पडलं. कँटीनमध्ये कोणीही यायचं आणि विचारायचं, "काय घड्याळ, किती वाजले?" मी वर्षभर किती वाजले ते सांगत होते.

सत्राच्या मधल्या परीक्षेचा, म्हणजे इनसेमचा, पेपर सरांनी तपासून वर्गात परत दिला तेव्हा माझ्या मोमेंटच्या प्रत्येक ओळीवर लाल फुली होती. उत्तराला मात्र फुली नव्हती, कारण उत्तर बरोबर होतं. म्हणजे सगळ्या पायऱ्या चुकीच्या आणि त्यावरून चढून पोचले ती जागा बरोबर. यात काही विचित्र आहे असं सरांना वाटलं नाही. पास होण्यापुरते मार्क होते, म्हणून मी गप्प बसले. पण आतून पेटले होते.

घरी पप्पांना दाखवलं. मला वाटलं, पान्याची बाजू घेणारा एक तरी माणूस या घरात असेल. पप्पांनी पेपर उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "सर काय म्हणायलेत?"

"उलटं धरा म्हणतात."

"मग उलटं धर की. तुझं काय जायलंय?"

"पप्पा, माझं बरोबर आहे."

"असंल की. पण पेपर कोण तपासायलंय, तू का सर? माझ्या लायनीवर सायबानं म्हटलं ह्या हातानं उचल, तर मी त्याच हातानं उचलतो. ह्याचं त्याला काय कळतंय? पण उचलतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, सर म्हणतील तसं लिही. तुला त्या गेटनं जायाचंय."

मी बापाचं ऐकलं नाही. अडाणीपणा म्हणा, मस्ती म्हणा. माझं म्हणणं असं होतं की शेवटचा पेपर आमचे सर तपासत नाहीत. तो विद्यापीठाकडे जातो आणि कुठल्यातरी दुसऱ्या कॉलेजचा, मला न ओळखणारा, शिकलेला माणूस तो तपासतो. त्याला माझं घड्याळ माहीत नसणार. तो फक्त गणित बघणार. त्या अनोळखी माणसावर माझा केवढा विश्वास होता, हे आठवलं की आज स्वतःचीच कीव येते. पेपरात पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, मी इंग्रजीत स्वच्छ लिहिलं की या उत्तरपत्रिकेत घड्याळाच्या दिशेचं मोमेंट अधिक मानलं आहे. खाली रेघ मारली. आणि उत्तरपत्रिकाभर तेच पाळलं, एका ठिकाणीही न चुकता.

निकालात मेकॅनिक्स गेलं होतं. थोडक्यात गेलं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. घर्षणावरचा एक प्रश्न माझा खरोखरच चुकला होता, तो मी कुणावर ढकलत नाही. पण बाकी सगळीकडे लाल गोल. मोमेंटच्या प्रत्येक अधिकाभोवती गोल, प्रत्येक उण्याभोवती गोल. जिथे शेवटी उत्तरच मोमेंट होतं तिथे मी आकड्यापुढे 'क्लॉकवाइज' असं शब्दात लिहिलं होतं. तिथेही फुली, कारण आकड्याआधी उणे नव्हतं. आणि पहिल्या पानावर, जी ओळ मी रेघ मारून लिहिली होती, तिच्याभोवती सगळ्यात मोठा गोल आणि बाहेर 'रॉंग'. म्हणजे त्या माणसानं ती वाचली होती. वाचलीच नसेल, घाईत असेल, अशी मी मनाची समजूत घालत होते. तीही सोय त्यानं ठेवली नाही.

मी झेरॉक्स घेऊन आमच्या सरांकडे गेले. स्टाफरूममध्ये ते डबा खात होते. वयानं काही फार मोठे नव्हते, आमच्याहून थोडेच पुढे. त्यांनी पानं चाळली.

"मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं सर. पण अँटिक्लॉकवाइजच का पॉझिटिव्ह? मला कारण सांगा, मी परत विचारणार नाही."

सरांचा घास हातात तसाच राहिला. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. माझ्या पानांकडे बघून म्हणाले, "मलाही असंच शिकवलंय." आणि मग डबा बंद करायला लागले, अर्धा उरलेला असताना. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आजही येतो, पण आता त्यात थोडी दयाही येते, आणि ती मला अजिबात आवडत नाही.

पुढच्या खेपेला मी सरांची चिन्हं लिहिली. अँटिक्लॉकवाइज पॉझिटिव्ह, फुल स्टॉप. उत्तरं तशीच आली जशी आधी आली असती. भरपूर मार्क पडले, वर्गात पहिल्या काहीजणांत. सरांनी सगळ्यांदेखत म्हटलं, "बघा, मेहनत केली की होतं." पोरं म्हणाली, घड्याळ दुरुस्त झालं. विषय संपला असं मला वाटलं.

तो संपला नव्हता. आमच्याकडे प्लेसमेंटच्या भाषेत बॅकलॉगचे दोन प्रकार आहेत, लाइव्ह आणि डेड. जो विषय अजून सुटला नाही तो लाइव्ह. जो एकदा राहिला आणि नंतर सुटला, तो डेड. नावावरून वाटतं की मेला म्हणजे गेला. तसं नसतं. शेवटच्या वर्षाला पप्पांची कंपनी आमच्या कॉलेजात मुलाखती घ्यायला आली. बोर्डावर अट लागली, नो लाइव्ह ऑर डेड बॅकलॉग. पुढच्या तीन वर्षांत माझा एकही विषय राहिला नव्हता. प्लेसमेंटच्या सरांकडे गेले तर ते म्हणाले, "तुझं प्रोफाइल छान आहे, पण सिस्टीमच घेत नाही. माझ्या हातात काही नाही." इतक्या जणांच्या हातात काही नसतं, मग हे सगळं चालवतं कोण?

कंपनी येणार हे पप्पांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी लायनीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, सुपरवायझरलासुद्धा. मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मी घरी आले तर ते चटईवर चादर अंथरून माझा पांढरा शर्ट इस्त्री करत होते. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या शर्टाला इस्त्री केलेली मी पाहिली नाही. कॉलर दोन्ही बाजूंनी दाबून दाबून काढत होते.

"पप्पा, राहू द्या. मला बसता येणार नाही."

"कामून?"

"बॅकलॉग आहे."

"कुठंय? सगळं सुटलंय की तुझं."

"सुटलंय. डेड बॅकलॉग म्हणतात त्याला. मेलेला."

"मेला ना?"

"मेला."

"मग?"

मी म्हटलं, "तोही चालत नाही त्यांना." पप्पांनी इस्त्री उभी केली. काही विचारतील, चिडतील, 'तवाच सांगितलं होतं' म्हणतील, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "त्येच ते? घड्याळाचं?" मी मान हलवली. त्यांनी इस्त्री परत उचलली आणि दुसरी बाही पूर्ण केली. मग शर्ट हँगरला लावून खिळ्याला अडकवला. तो तिथे बरेच दिवस होता. आई म्हणायची काढ, आणि कोणीच काढत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लायनीवर लोकांनी त्यांना काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं, ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मी आता तळवड्याला एका छोट्या कारखान्यात आहे. यंत्रांवर नग घट्ट धरायला जी साधनं लागतात त्यांची डिझाइनं आम्ही करतो. काम वाईट नाही, माणसं बरी आहेत. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेब सुरू करायच्या आधी एक चौकट येते. मोमेंटची कोणती दिशा अधिक धरायची ते तुम्ही निवडायचं. दोन पर्याय, पुढे दोन छोटे गोल, हवा त्यावर टिचकी मारायची. पहिल्यांदा ती चौकट आली तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं हसले. शेजारच्या टेबलवरच्या भाऊंनी विचारलं, "काय झालं, मॅडम?" काय सांगणार? वरातीमागून घोडे. मी क्लॉकवाइज निवडलं. रोज तेच निवडते. कुणी गोल काढत नाही.

संध्याकाळी घरी मी पहिल्या वर्षाच्या मुलांना मेकॅनिक्स शिकवते. आता आम्ही मोशीतच एका इमारतीत राहतो आणि हॉलमध्ये क्लास बसतो. मी चांगली शिकवते, हे मीच म्हणते असं नाही. दार ढकलून दाखवते, पान्याला पाइप लावून दाखवते, खिडकीतून क्रेन दाखवते. पोरांना समजतं, आणि समजलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहून मला सुखही होतं आणि मत्सरही वाटतो.

परवा एका मुलीनं वही पुढे केली. हुशार आहे, बापाचं चिखलीला गॅरेज आहे. तुळईचं गणित होतं. तिनं सगळी चिन्हं उलटी धरली होती आणि उत्तर बरोबर आणलं होतं.

"मॅडम, मी क्लॉकवाइज प्लस घेतलं. चालेल ना? उत्तर तेच येतंय."

"उत्तर तेच येणार. तुझं बरोबर आहे."

"मग पेपरात असंच लिहू?"

"नको. पेपरात अँटिक्लॉकवाइजच प्लस."

"का पण?"

किती साधा प्रश्न होता, आणि मीच कधीकाळी विचारलेला. माझ्या तोंडात एकच वाक्य येत होतं, डबा खाता खाता थांबलेल्या माणसाचं. ते मी कसंबसं गिळलं. पप्पा पहिल्या शिफ्टहून येऊन आतल्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांच्या गळ्यात कार्डाचा तोच पट्टा होता, काढायचा राहिलेला. ते त्या मुलीकडे बघून हसत म्हणाले, "ऐक गं बाई मॅडमचं. आमच्या मॅडमनं ऐकलं नव्हतं."

मुलगी हसली. तिनं खोडरबर घेतला आणि वरपासून खालपर्यंत एकेक चिन्ह पुसत गेली. मी बघत बसले. जे ती पुसत होती, ते बरोबर होतं.